सिंधूबाईची चिठ्ठी आणि माझे एकवीस एकर

सिंधूबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या फाटकात, पन्नास-साठ मेंढ्यांसकट. पोरीचं नाव पाचवीत घालायचं होतं आणि कळप सांभाळायला घरी माणूस नव्हतं, म्हणून बाई कळपच घेऊन आली. शिपाई ओरडत होता, पोरं खिडक्यांना लोंबकळून खिदळत होती आणि एक मेंढा हेडमास्तरांच्या जास्वंदीचा समाचार घेत होता. बाई मात्र शांत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पोरीचे कागद. मी तणतणत बाहेर आलो तर मलाच म्हणाली, "सर, या लेकराला गणित येतं. आमच्या सात पिढ्यांत कोनाला आलं न्हाई, हिला येतं. तेवढं बघा."

माझा राग तिथल्या तिथे विरला. मी सव्वीस वर्षं या गावात गणित शिकवतो. कळमनुरीहून वारंगा फाट्याकडे निघालं की डाव्या हाताला आत सहा किलोमीटर आमचं गाव. इतक्या वर्षांत 'पोराला पास करा' म्हणणारे शेकड्याने आले. 'गणित येतं, बघा' म्हणणारी ही एकटीच. स्वभावाने मी चिडका आणि थोडा शिष्ट आहे. आपल्या विषयाचं कुणी कौतुक केलं की पाघळतो. पुढे जे झालं त्यात या पाघळण्याचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

सिंधूबाईचं माहेर नरसी नामदेवकडचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन आमच्या गावाबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीवर आली. वस्ती म्हणजे पाच घरं. नवरा लिंबाजी, सरळ माणूस, दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर फार झालं. त्याच्या वाटणीचंही बोलायचं काम हिच्याकडेच. वनखात्याचा माणूस आला, तलाठी आला, मेंढ्यांना लस टोचायला डॉक्टर आला, की पाची घरांतले बाप्ये खाली बघत उभे राहणार आणि सिंधूबाई पदर खोचून पुढे होणार. अक्षरओळख सहीपुरती. पण शंभर-सव्वाशे मेंढ्यांतली कोणती कुणाची लेक आणि कोणती कोणत्या साली लंगडली, हे सगळं तोंडपाठ.

दिवाळी झाली की ही माणसं कळप घेऊन बाहेर पडतात. कयाधूच्या काठाने, कधी पैनगंगेच्या पलीकडे. लोकांच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या, रानाला खत मिळतं, यांना धान्य मिळतं. मृग लागायला परत. खरी अडचण तिथून पुढचे चार महिने. पावसाळ्यात आमच्याकडे इंचभर रान मोकळं नसतं. सोयाबीन, तूर, हळद, बांधापर्यंत हिरवं. मेंढरानं तोंड घातलं की डोकी फुटतात. तेवढे चार महिने मेंढ्यांना जागा एकच होती: गावामागचं बेचाळीस एकराचं गायरान. त्या बेचाळीस एकरांवर पाची घरांचं पोट होतं, इतकी साधी गोष्ट होती.

या गायरानाच्या वाटणीची वस्तीची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर साली मृगाच्या तोंडाला गायरानाचे पाच पट्टे पाडायचे. पाच घरांनी आपापली एक खूण दुरडीत टाकायची, तिलाच चिठ्ठी म्हणायचं. कुणाचं बटण, कुणाचा लोकरीचा गोंडा, कुणाच्या घंटीचा लोळा. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी पारुबाई, तिला दिसायचंही कमी, ती हात घालून एकेक काढायची. पहिली खूण निघेल त्याला पाण्याजवळचा पट्टा, शेवटची निघेल त्याला खडकाळ उतार. पण ज्याच्या वाट्याला खडक आला, त्याने पुढल्या साली चिठ्ठी टाकायचीच नाही. त्याने सगळ्यांच्या आधी हवा तो पट्टा घ्यायचा. कुणाची कुरकुर नाही, भांडण नाही. मी एकदा वस्तीवर बसून हे पाहिलं आणि तोंडभरून कौतुक केलं तेव्हा सिंधूबाई हसली. म्हणाली, "चिट्टीनं कोनी मरत न्हाई सर. एक साल दम धरायचा, दुसऱ्या साली आपली पाळी असती."

मग सौरऊर्जेची कंपनी आली. दोन गाड्या, चार माणसं, एक मोजणीचं यंत्र. गायरान भाड्याने द्यायचं, तिथे काचेची तावदानं उभी राहणार, गावाला वीज आणि पंचायतीला पैसा. यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. गावचे मोठे शेतकरी सोनाजीराव हे या कामाचे पुढारी. ऐंशी एकर हळद-उसाचे धनी, तारेच्या कुंपणाचं काम पुतण्याला मिळायचं होतं. कंपनीला जागा द्यायची तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा, आणि निवडणूक तोंडावर आलेली. वस्तीच्या वॉर्डात बाईची जागा होती. सोनाजीरावांनी सून सत्यशीला हिला उभं केलं. शिकलेली, मऊ बोलणारी, कुणाचं वाईट न चिंतणारी मुलगी. वस्तीने उभं केलं सिंधूबाईला. दुसरं होतं कोण?

ती दारोदार फिरली. काय बोलायची ते मी ऐकलंय. "गायरान गेलं की मेंढरं गेली, मेंढरं गेली की आमी गेलो. तुमच्या मनात आमी जावं असं हाये का?" एवढंच. समोरचा चपापून म्हणायचा, "न्हाई बा, तसं काहून म्हनावं." मग पुढल्या दारात.

मतमोजणी कळमनुरीला तहसिलात. लिंबाजी मत देऊन दुसऱ्याच दिवशी कळपाकडे गेला होता, कारण मेंढ्यांना निकालाशी देणंघेणं नसतं. सिंधूबाईबरोबर वस्तीतलं आणखी कुणी नव्हतं. सगळे बाप्ये रानोमाळ. मला सुट्टी होती, म्हणून मी गेलो. दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या वॉर्डाचा निकाल लागला. सत्यशीला दोनशे अकरा. सिंधूबाई दोनशे अकरा.

आवारात एकदम कल्ला झाला. बाकीच्या जागांचे निकाल आले होते आणि इकडचे तिकडचे मोजले तर गायरानाचा ठराव होणार की नाही हे या एका जागेवर अडलं होतं. अधिकारी बाहेर येऊन म्हणाले, नियमाप्रमाणे चिठ्ठी काढली जाईल, अर्ध्या तासाने. लोक माझ्याभोवती जमले, कारण गणिताचा मास्तर मी. "सर, असं बराबर कसं काय झालं?" मला तर हेच हवं होतं. मी कागद काढला. चारशे बावीस मतदार, प्रत्येकाने नाणं उडवल्यासारखं इकडे किंवा तिकडे मत दिलं असं धरा, तर दोन्हीकडे तंतोतंत सारखी मतं पडण्याची शक्यता शंभरात चार. लोक म्हणाले, "बाप रे." मीही मनात म्हणालो, वा. एका बाईचं घरदार टांगणीला लागलेलं होतं आणि मी शंभरात चार सांगून मान डोलावून घेत होतो.

तेवढ्यात सोनाजीराव स्वतः आले. बरोबर सुदाम, बी-बियाण्यांच्या दुकानवाला, दोन्हीकडे ऊठबस असलेला माणूस. सोनाजीराव सिंधूबाईला म्हणाले, "बाई, चिट्टी आंधळी असती. तुमची बी निघंल, माझी बी निघंल. आपन मधला रस्ता काढू. पान्याच्या अंगचे पंधरा एकर आन जायची वाट मेंढरायला सोडतो. बाकीचे कंपनीला. मंग चिट्टी कोनाची बी निघो. तुमची निघाली तर तुमी ठरावाला हात वर करायचा. माझी निघाली तर मी पंधरा एकर वगळूनच ठराव करतो. सुदाम साक्षीला हाये, आत्ता स्टँपवर लिहून देतो. बोला."

सोनाजीरावांबद्दल मला प्रेम नाही. पण दिलेला शब्द त्या माणसाने मोडल्याचं गावाने कधी पाहिलेलं नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

सिंधूबाईने वेळ मागितला. लिंबाजीला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. नदीपलीकडे त्या रानात रेंज कधीच नसते. मग ती निंबाच्या झाडाखाली माझ्याकडे आली. मी तिला इतकी गोंधळलेली कधी पाहिली नव्हती. "सर, तुमी हिसाब करून सांगा," ती म्हणाली. "पाच घराचं हाये. माझ्या एकटीचं असतं तर इचारलं नसतं."

आणि मी हिशेब केला. त्याच कागदाच्या पाठीमागे. चिठ्ठी तिची निघाली तर बेचाळीस एकर वाचणार. नाही निघाली तर शून्य. दोन्हीची शक्यता निम्मी-निम्मी. बेचाळीसचे निम्मे एकवीस. मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "हे बघा, चिठ्ठीला जाण्यातच तुमचे सरासरीने एकवीस एकर आहेत. ते देतायत पंधरा. सहा एकरांचा तोटा का घ्यायचा? ते घाबरलेत म्हणून आलेत."

"एकवीस?"

"सरासरीने."

"सरासरी म्हंजी?"

"म्हणजे अशी चिठ्ठी शंभर वेळा काढली, तर पन्नासदा तुमची निघेल, पन्नासदा त्यांची. सगळं मिळून भागिलं की दर खेपेला एकवीस."

तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "आसं व्हय. आमच्या पट्ट्याचं बी तसंच हाये. कवा खडक, कवा पानी. बराबर व्हऊन जातं."

इथे मी थांबायला हवं होतं. 'बाई, तुमची चिठ्ठी दर साली निघते, ही एकदाच निघणार आहे' एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. गणित शिकवणाऱ्या माणसाला ते सुचायला हवं होतं की नाही? मला सुचलं नाही. एका अडाणी बाईला सरासरी समजली, तीही माझ्या दोन वाक्यांत, या आनंदात मी होतो. मी म्हणालो, "अगदी बरोबर."

तिने जाऊन सोनाजीरावांना सांगितलं, "चिट्टीच काढू." सोनाजीराव तिच्याकडे बघत राहिले. मग "तुमची मर्जी" म्हणून आत गेले.

चिठ्ठी काढायला तहसिलातल्या शिपाईणबाईची सहा वर्षांची पोरगी आणली होती, प्रतीक्षा नावाची. दोन सारख्या कागदांवर नावं लिहिली, सगळ्यांना दाखवली, सारख्या घड्या घातल्या आणि प्लास्टिकच्या बरणीत टाकून हलवल्या. कुठेही लबाडी नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पोरीने हात घातला. घाबरून एकदा बाहेर काढला. सगळे हसले. मग तिने एक चिठ्ठी काढली आणि अधिकाऱ्यांनी ती उलगडून वाचली. सत्यशीला.

गुलाल उडाला. सिंधूबाई टेबलापाशी तशीच उभी. अधिकारी तिच्यापुढे सहीचा कागद सरकवत होते तेव्हा तिने विचारलं, "सायब, मंग आमची पाळी कवा?"

"कसली पाळी?"

"आता त्यायची निघाली. आमची अडीच सालानं का पाच सालानं?"

उपसरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतात ते तिने गावात पाहिलं होतं. तिला वाटलं हेही तसंच. अधिकारी माणूस बरा होता, हसला नाही. म्हणाला, "पाळी नसते बाई. तुम्ही पडलात. इथे सही करा." मागे मात्र कोणीतरी हसलं. सिंधूबाईने सही केली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळलं नाही की चांगली पोरं अशी बघतात. त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

मी तिला घेऊन बसने गावी आलो. मला बोलायची लाज वाटत होती, आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती.

होळीच्या आत ठराव झाला. बेचाळीसच्या बेचाळीस एकराचा. मृगाच्या आत तारेचं कुंपण पडलं. लिंबाजीने तो एक पावसाळा रेटून पाहिला. सडकेच्या कडेने, पाझर तलावाच्या भिंतीवर, कुणाच्या बांधावर. दोनदा त्याला मारहाण झाली. फवारलेलं गवत खाऊन सात मेंढ्या एका सकाळी फुगून मेल्या. श्रावण सरताना त्याने कळमनुरीच्या आठवडी बाजारात सगळा कळप विकला. बाकीच्या चार घरांनीही पुढेमागे तेच केलं. एक घर वारंग्याला हॉटेलात भांडी घासायला गेलं, एक ऊसतोडीला. पारुबाई त्याच थंडीत गेली. म्हातारीच होती, पण लोक म्हणाले मेंढरं गेली म्हणून गेली. ज्या सोनाजीरावांनी पंधरा एकर देऊ केले होते त्यांना कुणी बोल लावला नाही. लावणार तरी कसा? त्यांनी देऊ केले होते, हिने नाकारले होते.

मी काय केलं? मी दहावीला संभाव्यतेचा धडा शिकवला. दर वर्षी शिकवतो, पण त्या वर्षी जीव तोडून शिकवला. सिंधूबाईची राधिका त्याच वर्गात होती. पन्नास पोरांना प्रत्येकी वीस वेळा नाणं उडवायला लावलं, हजार नोंदी फळ्यावर मांडल्या. छाप पाचशे नऊ, काटा चारशे एक्क्याण्णव. पोरांनी टाळ्या वाजवल्या. राधिकाने हात वर केला. "सर, सगळ्याची बेरीज केल्यावर निम्मं येतं. पन मी पहिलं नाणं उडवलं तवा निम्मं कुटं आलं? काटाच आला."

त्या पोरीने जे विचारलं तेच मला निंबाच्या झाडाखाली कळायला हवं होतं. त्या बरणीत एकवीस एकर नव्हतेच. बेचाळीस होते आणि शून्य होतं. एकवीस एकर फक्त माझ्या कागदावर होते. मी राधिकाला म्हणालो, "छान प्रश्न आहे," आणि पान उलटलं.

मागच्या संक्रांतीच्या सुमाराला लिंबाजी घरी आला. दारात चपला काढल्या, बगलेतून एक नवीकोरी घोंगडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या कातरणीच्या लोकरीची, काळीभोर, जाड. म्हणाला, "सर, तुमच्यासाठी ठिवली व्हती."

"अहो, मला कशाला?"

दिवसाला दहा शब्द बोलणारा तो माणूस त्या दिवशी बोलला. "तुमी बराबर सांगितलं व्हतं. पंधरा एकर घ्या म्हनले व्हते. तिनं सांगितलं आमाला. सर घे घे म्हनून राहिले व्हते, मलाच हाव सुटली, म्हनली. पंधरा एकरात प्रत्येकाची पंधरा-वीस मेंढरं तरी जगली असती सर. आमचं नशीब. मानसानं तुमचं आयकायला पायजे व्हतं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. खोटं सांगत नाही, तोंड उघडलं होतं. पण त्याने माझ्या पायाला हात लावला आणि उठला, आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. घोंगडी परत केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गायरानाकडे गेलो. सिंधूबाई तिथेच कामाला आहे. तावदानांवर धूळ बसली की वीज कमी होते म्हणतात, म्हणून गावातल्या चार बाया रोजंदारीवर ती पुसायला ठेवल्यात. कुंपणाच्या आत काचांच्या रांगाच रांगा, आणि ती त्यांतल्या एका रांगेत बादली घेऊन उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं. मला बघून तारेपाशी आली.

मी म्हणालो, "सिंधूबाई, तुम्ही वस्तीवर असं का सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"मी पंधरा एकर घ्या म्हणत होतो म्हणून."

ती हातातलं फडकं पिळत राहिली. "मंग काय सांगू? सरनं नको म्हनायला लावलं, असं? राधिकाच्या बापानं त्याच दिशी पोरगी साळंतून काढली असती. सरचं गणितच असं, तर शिकून काय करायचं, म्हनला असता. वस्तीवरची सात लेकरं येतेत तुमच्याकडं. एकानं काढली की सगळ्यानं काढली असती."

मी म्हणालो, "मी आज सांगतो. वस्तीवर सगळ्यांना बसवून सांगतो. चूक माझी होती."

"आता सांगून या काचाखालून पंधरा एकर निघतेत का?" तिचा आवाज चढला, माझ्यावर चढलेला तो पहिलाच. "दोन साल झाले, वस्तीवर कोनी माझ्याशी नीट बोलत न्हाई. नवरा बोलत न्हाई. हावरी म्हनतेत, हट्टी म्हनतेत. ते झालं माझं आयकून. आता तुमी सांगितलं की मी लबाड बी ठरन. नका सांगू."

ती जायला वळली आणि परत तारेपाशी आली. "पर एक सांगा सर. तुमचा हिसाब चुकला व्हता का?"

याचं उत्तर मी दोन वर्षं मनात घोळवत होतो. "हिशेब बरोबर होता. पण तो तुमच्यासाठी नव्हता. ज्याच्याकडे अशी शंभर गायरानं आहेत, त्याच्यासाठी होता तो."

"मंग आमचा हिसाब काय व्हता?"

"पंधरा एकर घ्यायला हवे होते."

तिने ऐकून घेतलं. बादली उचलली आणि पुढच्या रांगेत गेली.

राधिका आता बारावीत आहे, कळमनुरीला बसने जाते. मागच्या महिन्यात तिला स्थळ आलं. मुलाकडे ट्रॅक्टर, घर बरं. लिंबाजी आणि वस्तीतले दोघे जण माझ्याकडे आले. हल्ली वस्तीवर काहीही ठरवायचं झालं की ते माझ्याकडे येतात. लिंबाजी म्हणाला, "पोरगी शिकायचं म्हनती. तुमी म्हनाल तसं करू."

मी विचारलं, "राधिकाच्या आईचं काय म्हणणं आहे?"

तिघंही हसले. थट्टेने नाही, समजूत घातल्यासारखे. "तिचं काय आयकायचं सर," लिंबाजी म्हणाला. "तिनं केलं ना एकदा तिच्या मनचं."

मी खाली बघितलं. मग एवढंच म्हणालो की पोरीला शिकू द्या, लग्नाची घाई करू नका. त्यांनी ते लगेच ऐकलं.